तिखट नको

वहीत मी पैसे लिहिते, जेवण नाही.
तरी कोण काय खातो, मला पाठ आहे.
तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटच्या मागे
सहा बाकडी, दोन चुली गॅसच्या,
आणि माथाडी येतात पाठीला गोणीची माती घेऊन.

धोंडिराम उतेकर, मेढ्याकडचा.
भाकरीच्या आधी ठेचा मागणारा.
हिरवी मिरची कचकन दाताखाली,
डोळ्यांत टिपूस नाही.
आषाढात म्हणाला, मावशी, आज तिखट नको.
मी हसले. म्हटलं, बायको आली वाटतं गावाहून.

पितृपक्षात त्यानं भाकरी दुधात कुस्करली.
दसऱ्याला आमटीत पाणी ओतून घेतलं.
दिवाळीत मी चकली ठेवली पुढ्यात
तर चहात बुडवून, मऊ करून,
दाराखालून चिठ्ठी सरकवावी
तसा तुकडा ओठांतून आत सरकवला.

तोंड आलंय, म्हणाला. उष्णता.
मी जाईचा पाला दिला चघळायला,
सब्जा दिला, गुलकंद दिला.
पण तोंड येतं तसं जातंही की.
आठ दिवस. फार तर पंधरा.
हे आलं ते कूळ लागल्यासारखं
बसूनच राहिलं.

डबा न्यायला येते ती दातांची डॉक्टरीण,
नाझनीन तुंगेकर, पोर माझ्या धाकटीएवढी.
झुणका बांधेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती.
मग म्हणाली, काका, तीन बोटं
एकावर एक, उभी, घाला बघू तोंडात.
त्याला वाटलं, चेष्टा.
दोन गेली कशीबशी.
तिसरं दातांवर अडलं,
भरल्या टेम्पोत आणखी एक गोण अडावी तसं.

तिनं मोबाइलची बॅटरी लावली.
मीही वाकून बघितलं.
गालाच्या आत, जिथं बार धरतो रात्रंदिवस,
चुन्याचा हात फिरवल्यासारखं पांढरं,
कडेला लाल, आणि मधे एक जखम
उकललेल्या बांगड्यासारखी.
मग तिची बोटं जबड्याखाली गेली, थांबली.
हे कधीपासून? आवळ्याएवढी गाठ.
दुखतं?

नाही! केवढ्या ऐटीत म्हणाला तो.
बाकड्यावरचे चौघे निवांत झाले ते ऐकून.
ती नाही झाली.
दुखलं असतं, ती हळूच म्हणाली,
तर आषाढातच आला असतात.

माल उतरायचाय, म्हणाला.
टोळीचा मुकादम, म्हणाला.
गावची जत्रा होऊ दे, म्हणाला.
मी त्याची थाळी उचलली, भातासकट.
वाशीच्या दवाखान्याचा कागद आण, मग जेव.
आयुष्यात कुणाला उपाशी उठवलं नव्हतं मी.
तो उठला, चप्पल शोधत राहिला उगाच,
आणि गेला.

तीन दिवस आला नाही.
चौथ्या दिवशी बाकड्यावर कागद.
घेवड्याच्या दाण्याएवढा तुकडा काढलाय तपासायला.
मंगळवारी कळेल.
मी मऊ भात वाढला, तूप घातलं,
आणि तो खाईपर्यंत
दुसऱ्या कुणाला वाढलं नाही.

आज सोमवार.
भांडी झाल्यावर शटर अर्धं ओढून
घासलेली थाळी धरली दिव्यासमोर.
ओठ खाली ओढला. नीट दिसेना,
थाळीत माणूस रुंद दिसतो.
चाळीस वर्षं मी मिश्री लावते,
उठल्याबरोबर, मग दुपारी, मग झोपताना.
डाव्या हिरडीवर जीभ अडखळते अलीकडे.
मला वाटायचं, काहीतरी अडकलंय.
कांद्याच्या वासाची तीन बोटं.
गेली. तिसरं घासून, पण गेलं.
हिरडी तशीच खरखरीत.

वहीत उद्याच्या पानावर
त्याच्या नावाखाली माझं लिहिलं. पुढे आकडा नाही.

मिश्रीची डबी फेकली नाही अजून.
खोटं कशाला सांगू.
वरच्या फळीवर सरकवली फक्त,
जिथं हात पुरत नाही
आणि स्टूल घ्यावं लागतं.